पुलापर्यंत मागे बघायचं नाही

टायरच्या दुकानापासून पुलापर्यंत मागे वळून बघायचं नाही. काहीही ऐकू आलं तरी नाही. आणि का, ते विचारायचं नाही.

सायकल मंडळात ती आली त्या पहिल्याच रविवारी तिला हा नियम सांगितला गेला होता. बाकीचे नियम समजावून सांगितले गेले. हेल्मेट का घालायचं, ओळीत अंतर का ठेवायचं, तहान नसली तरी पाण्याचा घोट का घ्यायचा. याच एका नियमाला ‘का’ नव्हतं. तिने विचारलं तेव्हा लाइनमन काकांनी घसा खाकरला, दातांच्या डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला, आणि त्या दिवसापासून मंडळात तिचं नाव पडलं: प्रश्नपत्रिका.

नावाचं तिला काही वाटलं नाही. उत्तरपत्रिका कोरी ठेवणाऱ्यांना लाज वाटायला हवी, असं तिचं मत होतं.

दीड वर्षापूर्वी रक्तपेढीचे दोन जिने चढताना तिला धाप लागायची. सव्विसाव्या वर्षी! एकदा रक्ताच्या पिशव्यांचा ट्रे मांडीवर घेऊन ती जिन्यातच बसली, आणि सत्तरीच्या झाडूवाल्या मावशींनी तिला पाणी आणून दिलं. त्याच आठवड्यात तिने एक जुनी सायकल घेतली. आधी तळ्यापर्यंत गेली आणि चालत परत आली. मग तळ्याला तीन फेऱ्या. मग पन्नास किलोमीटर, शंभर, दोनशे. आई म्हणायची, ‘‘एवढे पाय मोडून शेवटी घरीच येतेस ना? मग जातेस कशाला?’’ याचं उत्तर मात्र तिच्याकडेही नव्हतं.

आज तीनशेची पहिली खेप. शनिवार, दुपारी तीनला निघायचं आणि वीस तासांच्या आत परत. वाटेत ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळेआधी पोचून कार्डावर शिक्का घ्यायचा; एक शिक्का हुकला की सगळी मेहनत पाण्यात. नऊ जण एका ओळीत. ओळीच्या पुढे असतो तो पुढारी. तो वारा अंगावर घेतो आणि ‘‘शेवट?’’ म्हणून हाक देतो. ओळीच्या टोकाला असतो ते शेपूट, त्याने ‘‘आहे!’’ म्हणायचं. ते ऐकलं की ओळ शाबूत आहे असं समजून पुढारी पाय मारत राहतो. मान कोणीच वळवत नाही. मान वळली की हँडल वळतं आणि पुढचा-मागचा सगळेच आडवे होतात.

आज शेपूट ती होती.

एकशे आठव्या किलोमीटरवर, हमरस्त्याला लागून, टायरवाल्या मामांचं दुकान. मामा मंडळाचेच, गुडघे गेले म्हणून आता फक्त शिक्के मारत. दुकानात छताला भिडलेल्या टायरांच्या उतरंडी, कोपऱ्यात धापा टाकणारा कॉम्प्रेसर, जळक्या रबराचा वास. टेबलावर केळी, मीठ-लिंबाचं पाणी आणि शिक्क्याचं पॅड. नऊ वाजून पाच मिनिटांनी ती सगळ्यांच्या मागून आत आली, कार्ड पुढे केलं आणि एका आडव्या टायरवर बसली. तिच्या पाठीमागे उघडं शटर होतं आणि शटरामागे काळोखा रस्ता.

पुढचा टप्पा अडतीस किलोमीटरचा. पुलापर्यंत.

‘‘आता नीट ऐका,’’ लाइनमन काका म्हणाले. त्यांनी चौतीस वर्षं विजेच्या खांबांवर चढून काढली होती आणि अजूनही वरूनच बोलल्यासारखं बोलायचे. ‘‘इथून पुलापर्यंत हाक नाही, उत्तर नाही, मागे बघणं नाही. पुढच्याचा लाल दिवा बघायचा आणि पाय मारायचे.’’

‘‘आणि मी पडले तर?’’ ती म्हणाली.

‘‘पडू नकोस.’’

दोघंतिघं हसले. ती हसली नाही.

‘‘विनोद छान होता, काका. आता उत्तर द्या. मी शेवटी आहे. माझ्यामागे कोणी नाही. हाक नाही, बघणं नाही. मी खड्ड्यात गेले, तर तुम्हाला ते पुलावर जाऊन कळणार. नऊ निघाले आणि आठ पोचले, असं. बरोबर?’’

‘‘मोठ्यांशी बोलायची ही रीत झाली का?’’ डॉक्टर म्हणाले.

‘‘डॉक्टर, दात उपटायच्या आधी कुठला उपटताय ते तरी सांगता ना पेशंटला?’’

शेजारी बसलेल्या बेकरीवाल्याच्या नाकातून लिंबूपाणी बाहेर आलं. तो तिच्याच वयाचा, ओळीत तिच्या पुढे असायचा. एकशे आठ किलोमीटर तिने त्याचीच पाठ बघितली होती.

टायरवाल्या मामांनी शिक्का खाली ठेवला. ‘‘सांगून टाक रे बाबा,’’ ते काकांना म्हणाले. ‘‘पोरगी शेवटी आहे. तिचा हक्क आहे.’’

काकांनी बराच वेळ मामांकडे पाहिलं. मग उठून कॉम्प्रेसर बंद केला. दुकान एकदम ऐकू यायला लागलं.

‘‘माझ्या ओळखीचा एक शिंपी होता,’’ काका म्हणाले. ‘‘साखर निघाली म्हणून सायकलवर बसला. शिलाई मशीन मारून मारून पायात अशी ताकद की बघत राहावं. दोन वर्षांत मंडळाचा पुढारी झाला. स्वभाव कात्रीसारखा. वेळ म्हणजे वेळ. त्याच्या कार्डावर एकही शिक्का कधी हुकला नव्हता. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतोय. नोव्हेंबरचा तिसरा शनिवार. चंद्र नव्हता. हाच रस्ता.

‘‘पाच जण होते ओळीत. पुढे शिंपी. त्याच्यामागे दोघं, त्यांचं सोडा. चौथा एक कंपाउंडर, लग्नाला चार महिने झालेला. आणि शेवटी पोस्टमन. पोस्टमन म्हणजे जन्मभर सायकलवरच. आवाज खणखणीत. हाक दिली की असा ‘आहे!’ म्हणायचा की झोपलेली गावं उठावीत.

‘‘त्या रात्री इथे येईपर्यंत दोन पंक्चर झाले होते. इथून निघाले तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं. पुलावरचा शिक्का पाऊण वाजता बंद. शिंपी म्हणाला, आता कोणी मुतायलासुद्धा थांबायचं नाही. जो थांबेल तो राहील. सगळे हो म्हणाले. पोस्टमनसुद्धा हो म्हणाला.

‘‘सतरा किलोमीटर छान गेले. पुढे खाणीचा फाटा लागतो. तिथे डंपर फिरतात रात्रीचे. एक आला मागून. दिवे बंद. अंगावरून वारं गेलं, आणि मागे…’’

काकांनी शटराबाहेर पाहिलं.

‘‘मागे आवाज झाला. पत्र्याचा डबा चेपावा तसा. मग काहीतरी फरफटत गेलं. लांबपर्यंत. डंपर थांबला नाही. मग माणसाचा आवाज. ‘थांबा’ म्हणून. एकदा. मग पुन्हा. दोनदा हाक आली.’’

‘‘तीनदा,’’ डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरांनी खाली मान घातली. तिने बेकरीवाल्याकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं. ‘त्यांचं सोडा’ म्हटलेल्या दोघांपैकी एक जण समोर बसला होता. आणि दुसरा गोष्ट सांगत होता.

‘‘तीनदा,’’ काका हळूच म्हणाले. आता ते खांबावरून उतरले होते. ‘‘कंपाउंडर ओरडला, मागे बघू का? शिंपी म्हणाला, खबरदार. मान वळवलीस तर सगळ्यांना पाडशील. आणि त्याने हाक दिली. शेवट?

‘‘काही नाही. पाच सेकंद. दहा.

‘‘मग मागून आलं, ‘आहे!’

‘‘खणखणीत. नेहमीसारखं. शिंपी म्हणाला, ऐकलंत? आहे तो. चला. आणि गेले. माणसाला जे ऐकायचं असतं ना, ते ऐकलं की तो पुढचं काही विचारत नाही.

‘‘दहा मिनिटांनी पुन्हा हाक. शेवट? ‘आहे!’ पण या वेळी जवळून. पोस्टमन ओळीत असता तर जिथून आवाज यायला हवा, त्याच्याही अलीकडून. कंपाउंडरच्या मानेशी. आणि त्याबरोबर एक आवाज सुरू झाला. चेन कोरडी असली की करते तसा. खर्र… खर्र… आणि त्यात मध्येच काहीतरी ओलं रस्त्यावर आपटायचं. प्रत्येक चक्राला एकदा.

‘‘कंपाउंडर रडायला लागला. मोठ्याने. म्हणाला, माझ्या पाठीला हात लागतोय. माझ्या पाठीला हात लागतोय. शिंपी म्हणाला, पाय मार. तो म्हणाला, अहो, तो ओढतोय मला…

‘‘मग तो गेला. नुसता पडला नाही. मागे खेचला गेला. सायकल पुढे धावत राहिली त्याच्याशिवाय, पुढच्या माणसाला धडकली आणि गटारात गेली. आणि मागे… मागे रस्त्यावर डोकं आपटल्याचा आवाज. एकदा नाही. कोणीतरी दोन्ही कान धरून आपटतंय, असा. आठ, नऊ, दहा. पहिले तीन कडक. नंतरचे मऊ.

‘‘शेवट?

‘‘ ‘आहे!’

‘‘मग तिसऱ्याची पाळी. त्याला बोटं दिसली. खांद्यावरून पुढे आली. नखं उलटी झालेली, बोटांत खडी रुतलेली. त्याच्या तोंडात घातली आणि जबडा खाली ओढला. हाड मोडल्याचं त्याला कानांच्या आतून ऐकू आलं.’’ डॉक्टरांचा हात गालावर गेला आणि तिथेच राहिला. ‘‘तो सुटला, कारण तो पडला. शेतात गडगडत गेला आणि बेशुद्ध झाला. दुसऱ्याचा दंड धरला. पिळला. धुतलेलं कापड पिळतात तसा. खांदा उखडून निघाला. तोही पडला. रस्त्याच्या कडेला पडून त्याने शिंप्याचा दिवा लांब जाताना पाहिला. एकटा लाल दिवा. आणि हाक ऐकली. शिंपी अजून हाक देत होता. ओळीत कोणी उरलं नव्हतं. तरी… शेवट?

‘‘ ‘आहे.’

‘‘शेवट?

‘‘ ‘आहे.’

‘‘ओरडून नव्हतं आता. कानात बोलावं तसं.’’

काकांनी पाण्याचा पेला उचलला. डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर पडून होता.

‘‘पुलावर मी होतो, शिक्का मारायला,’’ टायरवाले मामा म्हणाले. ‘‘पुढचं मी सांगतो. शिंपी आला तेव्हा बारा एकेचाळीस. चेहरा मेलेल्या माणसाचा. हँडलवरून त्याची बोटं मला सोडवावी लागली. म्हटलं, एकटाच? बाकीचे? तो म्हणाला, मागे आहेत. म्हटलं, कुठे, मागे कोणी नाही. तेव्हा त्याने मागे बघितलं… मी कार्ड घ्यायला खाली वाकलो होतो. एवढाच वेळ. मोळी मोडताना होतो तसा आवाज झाला. वर बघितलं तर तो उभाच होता. छाती माझ्याकडे. तोंड पलीकडे. मान पूर्ण मागे फिरलेली. मग तो पडला.’’

‘‘आणि टेबलावर दोन कार्डं होती,’’ काका म्हणाले.

‘‘दोन,’’ मामा म्हणाले. ‘‘एक शिंप्याचं. एक पोस्टमनचं. दोन्हींवर शिक्का. बारा एकेचाळीस. मी एकच मारला होता. हा हात तोडून देईन, मी एकच मारला होता.’’

बाहेरून एक ट्रक गेला. टायरांच्या उतरंडी किंचित थरथरल्या आणि स्थिर झाल्या.

‘‘म्हणून,’’ काका म्हणाले. ‘‘हाक द्यायची नाही. हाकेला तो उत्तर देतो. मागे बघायचं नाही. झालं समाधान? आता उठा. उशीर होतोय.’’

लोक हलले. कोणी बाटली भरायला घेतली, कोणी दिवा तपासला. बेकरीवाला पांढराफटक पडला होता. ती मात्र जागची हलली नाही.

‘‘पोस्टमन कुठे सापडला?’’

‘‘हे बघ, आता पुरे.’’

‘‘कुठे सापडला, काका?’’

‘‘फाट्याजवळ,’’ उत्तर डॉक्टरांनी दिलं. त्यांना आता गप्प राहवत नव्हतं, असं दिसत होतं. ‘‘गटाराच्या कडेने तीसएक फूट सरपटत आला होता. पुलाच्या दिशेने. आपल्या… ओळीच्या दिशेने. एक पाय गुडघ्याखाली फाटलेला. शर्टाची बाही बांधली होती त्याने स्वतःच. पण एका हाताला बोटं नीट नव्हती, गाठ बसली नाही.’’

‘‘गेला किती वाजता?’’

डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं.

‘‘रिपोर्टात काय होतं?’’

‘‘पहाटे,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘चार ते पाच.’’

ती उभी राहिली.

‘‘पहाटे चार-पाचला. म्हणजे तुम्हाला जेव्हा ‘आहे’ ऐकू येत होतं, तेव्हा तो खरंच होता. जिवंत. बाही बांधत होता. सरपटत होता. मग बाराच्या ठोक्याला तुमच्यामागे भूत कोणाचं लागलं होतं?’’

‘‘ते आम्हाला काय माहीत?’’ काका ओरडले. ‘‘जे झालं ते सांगितलं! माझा खांदा बघायचाय?’’

‘‘खांद्यावर माझा विश्वास आहे. सगळ्यावर आहे. मला नियमाचं सांगा.’’ तिचा आवाज कापत होता आणि त्याचा तिला राग येत होता. ‘‘मी रोज रक्त हाताळते, काका. पाय असा फाटला तर काय करायचं असतं, माहितीये? तळहात ठेवायचा आणि दाबून धरायचं. बस. त्याला शिक्षण लागत नाही, औषध लागत नाही. एक माणूस लागतो, जो थांबेल. तुमच्यात चार होते. एक तर दवाखान्यातला होता, एक डॉक्टर होता! पाच तास तो माणूस वाट बघत होता. आणि नऊ वर्षांनी त्यातून तुम्ही काय शिकलात? थांबा? नाही. हाकच देऊ नका! बघूच नका! पुढच्या वेळी कोणी पडलं तर ऐकूच येणार नाही, अशी सोय करून ठेवलीत.’’

‘‘तू तिथे नव्हतीस,’’ काका म्हणाले.

‘‘नव्हते. आज आहे. शेवटी आहे.’’ तिने हातमोजे चढवले. ‘‘शेवटीच जाणार मी, ठरलंय तसं. पण दर दहा मिनिटांनी मागे बघणार. कोणी पडलं तर थांबणार. शिक्का हुकला तर हुकला. आणि फाट्याजवळ कोणी ‘थांबा’ म्हणालं ना, तर तो कोणी का असेना, जिवंत असो, मेलेला असो, मी सायकल आडवी टाकून त्याच्यापाशी जाणार. तुमचा नियम मी पाळणार नाही. काढून टाका मला मंडळातून.’’

भिंतीवरच्या खिळ्याला हेल्मेट अडकवलेलं होतं. ती ते घ्यायला वळली.



तिला वाटलं, आता काका तडकतील. डॉक्टर रीतभात काढतील. पण पट्टा लावून ती परत वळली, तेव्हा तिघंही म्हातारे उभे होते. मामांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. कोणीच तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हतं. ती परत वळायच्या आधी जिथे तिची पाठ होती, तिथेच त्यांची नजर खिळून राहिली होती.

‘‘काय झालं?’’ ती म्हणाली.



‘‘जॅकेट काढ,’’ बेकरीवाला म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

‘‘का?’’

‘‘काढ ना.’’

तिने चमकपट्ट्यांचं पिवळं जॅकेट काढलं आणि दिव्याखाली उलटं धरलं.

कमरेच्या थोडं वर एक पंजा उमटला होता. उघडा तळवा, पसरलेली बोटं. चढावर दमलेल्या माणसाला शेजारून रेटा द्यायला हात ठेवतात, बरोबर तिथे, बरोबर तसा.

तिने बोट लावून पाहिलं. रक्त अजून कोमट होतं.